दिवसाउजेडी

शहर संपता संपता लागणाऱ्या शेवटच्या सिग्नलला त्यानं हॉर्न दाबला आणि गाडीनं नुसतं खाकरल्यासारखं केलं. समोरचा टेम्पो हलला नाही. टेम्पोवाल्याला ऐकूच गेलं नसणार. त्यानं पुन्हा दाबला, तर सर्दी झालेल्या माणसानं रुमालात तोंड घालून बोलावं तसा आवाज आला. वळायचा दिवा लावून पाहिला. एरवी टकटक करणारा तो दिवा सावकाश लागला आणि सावकाश विझला. तेवढ्यात सिग्नल सुटला, मागच्यांनी गलका केला, आणि तो निघाला. हे लक्षण बरं नाही, हे त्याला अगदी स्पष्ट कळलं होतं. पण कळूनही न कळल्यासारखं करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सत्तेचाळीस वर्षांत एवढा एक हुन्नर त्यानं चांगला कमावला होता. साडेनऊ वाजले होते. तीनशे किलोमीटर जायचं होतं. पाठीवरच्या पिशवीत, डब्यात, ओल्या कापसात गुंडाळून ठेवलेले वडलांचे दात होते.

दात म्हणजे कवळी, वरची आणि खालची, त्याच्या स्वतःच्या हातची. कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत तो बावीस वर्षं कामाला होता. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे येत, चिठ्ठीवर नुसता नंबर असे, आणि तो त्या साच्यावर मेणाची हिरडी लावून त्यात एकेक दात बसवत जाई. माणूस कधी दिसत नसे, पण साच्यावरून माणूस कळे. हा झोपेत दात खातो, ही एकाच बाजूनं चावते, हा आयुष्यभर पेन्सिल चघळत आला आहे. वडलांचं माप मात्र त्यानं स्वतः घेतलं होतं. चार महिन्यांपूर्वी त्यांचे उरलेसुरले दात काढले तेव्हा त्यांच्या गावातल्याच एका दवाखान्यानं कवळी करून दिली होती. ती त्यांनी दोन दिवस घातली आणि कपाटात टाकून दिली. त्यांच्याजवळ राहणाऱ्या ताईनं समजावलं, रागावली, पण ऐकतील ते वडील कसले. पेज पीत राहिले आणि माणसांशी बोलणं टाकलं. मग डावरेकाका गेले. वडलांच्या खात्यातले त्यांचे जन्माचे सोबती, दोघं मिळून वीस वर्षं विजेच्या खांबांवर चढले-उतरलेले. त्यानंतर चौथ्या दिवशी वडलांचा फोन आला. त्यांनी स्वतः फोन करायची ही त्याच्या आठवणीतली दुसरी वेळ. बोलणं सगळं हवेत विरत होतं, तरी एवढं कळलं, की तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी वीजखात्याच्या डेपोत शोकसभा आहे, तिथं त्यांना बोलायचं आहे, आणि बोबडं बोलायचं नाही.

म्हणून तो तीन आठवड्यांत दोनदा बसनं जाऊन आला होता. एकदा माप घ्यायला आणि एकदा मेणाची कवळी लावून बघायला. माप घेताना वडील खुर्चीत मान मागे टाकून बसले होते आणि त्याची दोन बोटं त्यांच्या तोंडात होती. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्याच्यापुढे असे उघडे, गप्प आणि परस्वाधीन होते. चार मिनिटं साचा धरून ठेवावा लागतो. त्या चार मिनिटांत बोलायचं ते बोलून घ्यावं, त्यांना उलट बोलता येणार नाही, असं त्याच्या मनात आलं. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं, सत्तावीस वर्षांपासून. विसाव्या वर्षी विजेच्या डिप्लोमाची कोरी उत्तरपत्रिका देऊन तो घरी आला होता आणि आता आपण पुढे शिकणार नाही असं त्यानं सांगितलं होतं. वडलांनी वर्तमानपत्र घडी केलं, बरं म्हणाले, आणि चपला घालून बाहेर गेले. ना ओरडले ना विचारलं. तेवढ्या एका शब्दावर त्यानं पुढं सगळा इमला रचला. आपण त्यांच्या मनातून उतरलो, हे त्यानं गृहीत धरलं, आणि मग उतरलेल्या माणसानं वागावं तसा तो वागत गेला. दूर गेला, बारीक काम पत्करलं, सणावाराला सुट्टी काढून कधी आला नाही. पण चार मिनिटं संपली, साचा निघाला, वडलांनी चूळ भरली, आणि बोलायचं ते राहूनच गेलं.

आजही बसनंच जायचं होतं. पण कवळीचा साचा उकळून झाला की आपोआप निवू द्यावा लागतो. घाई करून नळाखाली धरला तर कवळी वाकते, आणि वाकलेली कवळी टाळूला चिकटत नाही. सहाची बस गेली तेव्हा साचा अजून कोमट होता. आठला तो उघडला, घासून चकचकीत करायला तास लागला. बायको म्हणाली, उद्या पहाटेच्या गाडीनं जा. पण कवळी घातल्या घातल्या कुणाला बोलता येत नाही. कुठं टोचतं, कुठं उंच लागतं, ते घासून काढावं लागतं, जिभेला सवय व्हावी लागते. त्याला संध्याकाळ तरी हाताशी हवी. त्यानं मोटरसायकल काढली. तू बाबांना घाबरतोस आणि त्या खटाऱ्याला घाबरत नाहीस, म्हणजे कमाल आहे, एवढं बोलून बायकोनं डब्यात आणखी ओला कापूस घातला.

एकशे वीस किलोमीटरवर, उसाच्या दोन शेतांमधल्या सरळ रस्त्यावर, इंजिन आचके देऊन बंद पडलं. चावी फिरवली तर समोरचा हिरवा दिवाही लागला नाही. किक मारून मारून पोटरी भरून आली. मग त्यानं गाडी बाभळीखाली लावली, सीट काढली, आणि आत बघितलं. वायरी बघितल्या की त्याला अजूनही परीक्षेचा हॉल आठवे. तिथं प्रश्न सोपा होता. विजेचा उलटसुलट वाहणारा प्रवाह एकाच दिशेनं कसा वळवतात, आकृतीसह स्पष्ट करा. आकृती त्याला पाठ होती. पण पेन टेकवलं की त्याला डावरेकाकांचा उजवा हात दिसे, म्हणजे जिथं तो असायचा ती दुमडून पिन लावलेली बाही, आणि आपण काढणार आहोत ती रेघ पुढं कुणाच्या तरी हातापर्यंत जाणार आहे असं वाटे. अडीच तास तो तसाच बसून राहिला होता. आता या बाभळीखाली बसून राहायची सोय नव्हती. त्यानं बॅटरीच्या तारा घट्ट केल्या, फ्यूज काढून उन्हात धरून पाहिला, तो शाबूत होता. मग एका जागी बोट चिकटलं. तीन पिवळ्या वायरी जिथं जोडल्या होत्या तिथलं पांढरं प्लास्टिक वितळून तपकिरी झालं होतं. दुखणं कुठं आहे ते तरी समजलं. त्यानं सीट बसवली आणि गाडी ढकलत निघाला.

दीड किलोमीटरवर पत्र्याचं एक दुकान होतं. बाहेर ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या रांगेत मांडलेल्या, आणि आत साठीची एक बाई, नाकाच्या टोकावर चष्मा, हातात ब्रश, बॅटरीवरची पांढरी बुरशी सोडा टाकून धूत होती. मिस्त्री कुठं आहेत असं त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, तीसच वर्षं झाली, अजून कुणी मिस्त्री आला नाही, मीच आहे. तिनं बॅटरी काढून चार्जरला लावली, आपल्याजवळची दुसरी गाडीला जोडली, इंजिन चालू करून मीटरच्या दोन सुया टेकवल्या आणि मीटर त्याच्यापुढे धरला.

“चालू गाडीत हा काटा चौदाच्या आसपास पाहिजे. इथं बारावर रडतोय. म्हणजे तुझी गाडी बॅटरीला परत काही देत नाही, नुसती खातेय.”

मग तिनं तो वितळलेला जोड कापला, पिवळ्या वायरींवर एकामागून एक सुया ठेवल्या आणि मान डोलावली. वीज तयार होत होती. ती बॅटरीपर्यंत पोचवणारा मधला डबा, रेग्युलेटर, जळून गेला होता. या गाडीचा रेग्युलेटर तिच्याकडे नव्हता. शहरातून मागवला तर सोमवारी दुपारी येईल. तिनं गाडी इथंच ठेवायला आणि संध्याकाळी ट्रकनं जायला सांगितलं. तो म्हणाला, ट्रक मध्यरात्री पोचेल, मला अंधार पडायच्या आत पोचायचं आहे. घरात कुणी अत्यवस्थ आहे का, असं तिनं जरा आवाज उतरवून विचारलं. त्यानं खरं ते सांगितलं. दात द्यायचेत म्हटल्यावर ती ब्रश खाली ठेवून हसली, आणि हसताना तिचा वरचा डावा सुळा नाही हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. पण मग तो तिला सगळं सांगत गेला. सभा, डावरेकाका, बोबडं बोलायचं नाही हा हट्ट. अनोळखी माणसाला सांगताना त्याला पहिल्यांदाच प्रश्न पडला, की वडलांना एवढं काय बोलायचं असेल? शोकसभेत बोलायची ती चार वाक्यं कुणीही बोललं असतं.

तोच म्हणाला, गाडी नुसत्या बॅटरीवर चालवली तर? तिनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. त्यानं खडूचा तुकडा उचलला आणि दुकानाच्या पत्र्यावर आकडे मांडले. बॅटरी नऊ अँपिअर-तासांची. दिवे, हॉर्न सगळं तोडलं तर इंजिनाला ठिणगी द्यायला तीन अँपिअर लागतील. नऊ भागिले तीन. 

“पुस्तकात तीन तास. रस्त्यावर दोन धर,” ती म्हणाली. “तुझी बॅटरी दोन तासांत अर्धीच भरेल. माझी भरलेली आहे, ती घेऊन जा, येताना परत दे. सगळे मिळून तीन तास. तुझा रस्ता चार तासांचा. एक तास कुठून आणणार?”

“रस्त्यातच शोधतो,” तो म्हणाला.

दोन वाजता तो निघाला तेव्हा गाडीचा हेडलाइट, मागचा दिवा, हॉर्न सगळ्यांच्या वायरी तोडून टेपनं बांधलेल्या होत्या आणि दुसरी बॅटरी मागच्या कॅरिअरला पक्की आवळलेली होती. आंधळी, मुकी गाडी. बाईनं जाताना एवढंच बजावलं, की उतार दिसला की चावी बंद कर, गाडी गिअरमध्येच राहू दे, चाकांच्या जोरावर इंजिन फिरत राहील. त्यानं ते पाळलं. पुढचा रस्ता उंचसखल होता. चढ संपला की चावी बंद, उतार संपला की चालू. पहिल्यांदा चालू केली तेव्हा सायलेन्सरमधून फाटकन आवाज झाला आणि बांधावरच्या शेळ्या चौफेर उधळल्या, गुराख्यानं त्याच्या सात पिढ्या काढल्या. नंतर त्याला अंदाज आला. प्रत्येक उताराला दोन मिनिटं, तीन मिनिटं, कधी अर्धंच. तो ती मनात जमवत गेला. रस्त्याचं काम चाललेलं तिथं दहा मिनिटं सगळ्यांना थांबवलं, तेव्हा बाकीच्यांची इंजिनं घरघरत होती आणि हा गाडी बंद करून पायानं ढकलत पुढे सरकत होता. लोक हसले. त्याला मजा वाटत होती. कितीतरी वर्षांनी असं काम मिळालं होतं, जे अर्धं सोडून चालणार नव्हतं आणि सोडावंसंही वाटत नव्हतं. साडेतीनला इंजिनाचा एक ठोका चुकला, मग लगेच दुसरा. रस्त्याकडेला त्यानं बॅटरी बदलली. पाच मिनिटं लागली. प्रयोगशाळेत त्याच्या हाताचं सगळे कौतुक करत, बोटं त्याची कधी चुकत नसत.

सव्वाचारला बोगदा आला. दिवे लावा, अशी पाटी होती. आत काळोख होता आणि पलीकडचं तोंड दिसत नव्हतं. तो थांबला. लोखंडी नळ्या भरलेला एक ट्रक आला, त्याला हात केला, दिवा नाही म्हणून सांगितलं. ड्रायव्हरनं विचार केला आणि म्हणाला, “माझ्या पुढे राहा, म्हणजे माझ्या उजेडात जाशील. पण मध्ये थांबू नकोस. तू थांबलास तर मी थांबेनच असं नाही, ब्रेक जुने आहेत.” तो आत शिरला. ट्रकचा उजेड पाठीवर पडला आणि त्याची स्वतःची सावली पुढं रस्त्यावर पसरली, इतकी मोठी की तीच खड्डे झाकत होती. त्यानं जरा कडेला होऊन सावली भिंतीवर ढकलली. मागं घरघर वाढत होती. आवाजानं कान भरले आणि कान भरल्यावर डोकं रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या डोक्यात नऊ वर्षांचा तो आणि डावरेकाका स्वयंपाकघरात शेजारी शेजारी बसलेले आले. दोघांच्या पुढ्यात दुरेघी वही. उजवा हात गेल्यामुळं काका डाव्या हातानं अ गिरवत होते, त्यांना सोबत म्हणून तो उजव्या हातानं. काकांचा अ वाकडा आला की ते म्हणत, बघ, तू माझ्याहून हुशार. तेव्हापासून लोक त्यांना डावरे म्हणायला लागले आणि पुढं खरं आडनाव मागंच पडलं. त्या वर्षी वडील रोज संध्याकाळी काकांना घरी घेऊन येत आणि शिकवणी चालू झाली की स्वतः मात्र बाहेर जाऊन बसत. बाहेर का? थंडीतसुद्धा? हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. इंजिनानं एक ठोका चुकवला. मागं ट्रकचा हॉर्न वाजला. त्यानं मूठ पिळली, इंजिनानं पुन्हा ताल धरला, आणि समोर नाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला, तो वाढत वाढत दुपार झाला.

मग शेवटचा घाट होता, सगळा उतार, वीस-बावीस किलोमीटर. वर पोचताच त्यानं चावी बंद केली. उगाच पुटपुटणाऱ्या माणसानं एकदम गप्प व्हावं तसं झालं. वाऱ्याचा आवाज, साखळीची करकर, आणि वळणावळणाला ब्रेक दाबताना बोटांना येणारी कळ. खाली गाव पसरलेलं, वर ऊन पिवळं होत चाललेलं. चाळीस मिनिटं तो एक थेंब वीज न वापरता उतरत राहिला. हाच तो राहिलेला तास, पूर्ण नाही, पण जवळजवळ. सपाटीला लागल्यावर चावी फिरवली, गाडी चालू झाली, चार किलोमीटर नीट गेली, आणि वडलांच्या गल्लीच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी, कायमची बसली. सूर्य टेकला होता, अजून बुडाला नव्हता. तो उतरून ढकलू लागला. गल्लीत वळला तेव्हा वडील फाटकाबाहेर उभे होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सदऱ्याची वरची गुंडी लावलेले.  चालत आले, त्याच्या मागं गेले, कॅरिअरवर दोन्ही हात ठेवले आणि ढकलायला लागले. त्यांच्या ढकलण्याचा भार त्याला हॅन्डलमध्ये जाणवला. फाटकापाशी आल्यावर त्यांनी बांधलेल्या वायरी, दुसरी बॅटरी सगळं निरखून बघितलं आणि बोळक्या तोंडानं एकच शब्द विचारला, “रेग्युलेटर?” तो हो म्हणाला. त्यांनी मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात पसंती होती की नुसती माहिती, हे त्याला ठरवता आलं नाही.

ताईनं चहा केला, तो निवून गेला. खिडकीपाशी टेबल ओढून, दिवा खाली घेऊन, त्यानं काम सुरू केलं. कवळी लावली, दातांमध्ये निळा कागद ठेवून चावायला सांगितलं, जिथं निळा डाग गडद आला तिथं घासलं. पुन्हा लावली, पुन्हा घासलं. टोचायचं थांबलं. आता बोलणं. कवळीचा जीव स आणि च या अक्षरांत असतो. पुढच्या दातांमागं जाडी केसभर जास्त झाली तरी शिटी वाजते. म्हणून दवाखान्यात लोकांना साठपासून मोजायला सांगतात. वडील मोजू लागले. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. सदुसष्टला शिटी वाजली. ताई स्वयंपाकघरात हसली, वडलांनीही ओठ दाबले. त्यानं कवळी काढून टाळूकडून किंचित घासली आणि परत दिली.

“आता आकडे नकोत,” वडील म्हणाले. “दुसरं म्हणतो.” आणि म्हणाले, “स्विच मी चालू केला.”

तो अक्षरं ऐकत होता. स्वि मध्ये अजून हवा जात होती. “पुन्हा म्हणा,” तो म्हणाला. ते पुन्हा म्हणाले. च चांगला होता. त्यानं कवळी घेतली, दिव्याखाली धरली, दोनदा कानस फिरवली, पाण्यानं धुतली, त्यांना दिली. “आता म्हणा. सावकाश.”

“स्विच मी चालू केला,” वडील म्हणाले, आणि या वेळी एकेक अक्षर धुतल्यासारखं स्वच्छ आलं, त्यामुळं त्याला त्याचा अर्थ ऐकू आला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

त्यांनी मग सगळं सांगितलं, नव्या दातांनी, मध्ये मध्ये थांबून जीभ फिरवत. काका खांबावर होते. खाली उतरलो अशी हाक आल्याखेरीज लाइन चालू करायची नाही, हा नियम. हाक आली होती, पण ती पलीकडच्या खांबावरून, दुसऱ्याच माणसाची. वर न बघता त्यांनी स्विच चालू केला. चौकशी झाली तेव्हा काकांनीच दवाखान्यातून लिहून दिलं, की उतरलो अशी हाक मीच घाईनं दिली आणि पुन्हा तारेला हात लावला. वडलांना त्यांनी सांगितलं, हात तर गेलाच आहे, आता तुझी दोन पोरं कशाला उघड्यावर टाकायची. आणि वडलांनी ते घेतलं. अडतीस वर्षं घेतलं. “तू ते शिकणं सोडलंस,” ते म्हणाले, “तेव्हा मी टाकीपर्यंत चालत गेलो आणि रडलो. सुटलो म्हणून. माझ्या घरातला कुणी आता कधी खांबाखाली उभा राहणार नाही.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.”

त्याला वाटलं होतं, हे कळल्यावर सत्तावीस वर्षांचा राग फिटेल, निदान भडकेल. तसं काहीच झालं नाही. हातातली कानस त्यानं पुसली, डब्यात ठेवली, आणि जे ठेवायला सोपं होतं ते सगळं ठेवून झाल्यावर त्याला एकच गोष्ट दिसत होती. उद्या डेपोत खुर्च्यांवर माणसं बसलेली असतील, पुढच्या रांगेत काकू असतील, आणि त्यांना हे शंभर माणसांबरोबर, शंभर माणसांच्या नजरा अंगावर घेऊन ऐकावं लागेल. त्यानं तसं सांगितलं. आधी काकूंच्या घरी जायचं. वडील म्हणाले, माणसांपुढे बोलू शकेन, तिच्या एकटीच्या तोंडावर नाही जमायचं. तो म्हणाला, “जमेल. मी येतो बरोबर.” एवढ्या ठाम आवाजात तो या घरात पूर्वी कधी बोलला नव्हता.  वडलांनी विचारलं, आठला निघालो तर चालेल का.

सकाळी आठला काकू अंगणात पांघरुणं वाळत घालत होत्या. घर लहान, दार उघडं, आत खुंटीवर काकांचे सदरे अजून तसेच, एक बाही दुमडलेले. काकूंनी बसायला सांगितलं, वडील बसले नाहीत. दोरीच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला काकू, मध्ये ओलं पांघरूण. तो फाटकाशी थांबला. वडलांनी रात्रीचं ते वाक्य म्हटलं. मग त्याच्या मागचं, मग त्याच्या पुढचं. एकदाही अडखळले नाहीत. त्यानं सवयीनं स ऐकला, च ऐकला, आणि मग ऐकायचं सोडून खाली बघत राहिला.

काकूंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. त्या बोलल्या, वडलांशी नाही, पांघरुणाशी बोलावं तसं.

“मी त्यांना घाईखोर म्हणत आले. अडतीस वर्षं. भाजी सांडली तरी, बस चुकली तरी. म्हणायचे मी, तुमच्या घाईनं हात घालवलात, अजून शहाणपण नाही.” त्यांनी चिमटा दोरीला लावला. “ऐकून घ्यायचे. एकदाही काही म्हणाले नाहीत.”

वडलांनी हात जोडले. काकूंनी तिकडे बघितलं नाही. त्या आत गेल्या. आतून पेटी उघडल्याचा, मग नळाचा आवाज आला. बाप-लेक उन्हात उभे होते. जावं की थांबावं हे दोघांनाही कळत नव्हतं, आणि विचारायला तोंड नव्हतं. दहा मिनिटांनी काकू धुवट लुगडं नेसून बाहेर आल्या, दाराला कडी घातली, कुलूप ओढून पाहिलं.

“तिथं हे सगळं सांगा,” त्या वडलांना म्हणाल्या. “एक शब्द गाळू नका. त्यांना घाईखोर म्हणणारी मी एकटी नव्हते, सगळा डेपो म्हणायचा.”

आणि त्या पुढं चालू लागल्या. वडील त्यांच्या मागं, चार पावलं अंतर ठेवून, आणि तो वडलांच्या मागं. डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणसं दिसू लागली होती. काकू कुणासाठी थांबल्या नाहीत, पण कोपऱ्यावर, रस्ता ओलांडायच्या आधी, त्यांनी एकदा मागं वळून वडील येताहेत ना ते बघून घेतलं.